आधी नळी मोजा, मग डाय घ्या

जुन्या रायफलीसाठी काडतुसे भरण्याची हौस असणारा माणूस बहुधा आधी पुंगळ्यांना आकार देणाऱ्या डायचा संच विकत घेतो, मग गोळ्यांचा डबा, आणि नळीत काय आहे हे सर्वांत शेवटी पाहतो. आमच्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. मार्टिनी-हेन्री रायफल आणि तिचे ५७७/४५० काडतूस यांच्या बाबतीत तर या चुकीच्या क्रमाची किंमत बिघडलेल्या नळीने आणि फाटलेल्या पुंगळ्यांनी मोजावी लागते.

ब्रिटिश सैन्याने ही रायफल १८७१ मध्ये स्वीकारली. आधीच्या स्नायडर रायफलीची ०.५७७ इंची पुंगळी पुढे निमुळती करून तिच्या तोंडाशी ०.४५० इंची नळीची गोळी बसवली, म्हणून असे जोडनाव. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत ब्रिटिशांच्या ६६व्या पलटणीच्या हातात हीच रायफल होती, तर शेजारी लढणाऱ्या मुंबई ग्रेनेडियर्सकडे जुनी स्नायडर. १८५७ नंतर देशी शिपायांना मुद्दाम एक पिढी मागचे शस्त्र देण्याचे ते धोरण होते. आज या रायफली अमेरिका-ब्रिटनमधल्या संग्राहकांकडे मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे एक कारण नेपाळ आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात साठलेल्या हजारो जुन्या बंदुका २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्यांत बाहेरून मार्टिनीसारख्याच दिसणाऱ्या, पण आतली रचना वेगळी असलेल्या, नेपाळातच हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. त्यांचे सुटे भाग एकमेकींना बसत नाहीत. अशी रायफल भिंतीवरच शोभते. ती चालवू नये.

आता गोळीकडे वळू. ०.४५० हे नावातले माप नळीच्या मूळ छिद्राचे. गोळीला जिथे घट्ट बसायचे ती आट्यांच्या तळाची रुंदी त्याहून बरीच जास्त असते आणि अनेक मार्टिनींत ती ०.४६५ इंचाच्या आसपास किंवा पुढेही जाते. बाजारात सहज मिळणारी ०.४५८ ची गोळी अमेरिकेच्या ४५-७० काडतुसासाठी असते. ‘पंचेचाळीसची गोळी’ म्हणून ती मार्टिनीत घातली की ती आट्यांना नीट धरत नाही, बाजूने तापलेला वायू निसटतो, शिसे वितळून नळीला चिकटते आणि नेम भरकटतो.

म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी, तेलाचा हात दिलेल्या नळीतून शुद्ध, मऊ शिशाचा गोळा लाकडी दांड्याने ढकलून बाहेर काढावा आणि त्याचे माप घ्यावे. इथे एक अडचण आहे. मार्टिनी-हेन्रीच्या नळीला सात बाजू आहेत. बाजूंची संख्या विषम असल्याने एका चराच्या बरोबर समोर दुसरा चर येत नाही, त्यामुळे साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर वापरावा, नाहीतर हे काम एखाद्या जाणत्या कारागिरावर सोपवावे. जे माप येईल त्याहून हजारांश-दोन हजारांश इंच मोठी गोळी घ्यावी.

पण गोळी मोठी केली की पुंगळीचे तोंडही फुगते. गोळी ०.४६८ ची आणि पितळाची भिंत ०.०१५ इंचाची धरली, तर तोंडाशी एकूण माप ०.४९८ होते. चेंबरच्या त्या भागात एवढी जागा नसेल, तर काडतूस आत जाणार नाही. जबरदस्तीने बसवले, तर गोळी सुटायला वाव राहणार नाही आणि दाब वाढेल. म्हणजे गोळी, पुंगळी आणि चेंबर यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो. चेंबरचा साचा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने काढता येतो आणि तो खर्च वाया जात नाही.

मूळ गोळी ४८० ग्रेनची, बारा भाग शिशाला एक भाग कथील अशी मऊ होती आणि तिला कागद गुंडाळलेला असे. काळ्या दारूच्या झटक्याने ती मागून दबून फुगे आणि आटे भरून काढी. आजच्या तयार ओतीव गोळ्या पुष्कळदा अँटिमनी घालून कडक केलेल्या असतात. जास्त वेगाच्या काडतुसांना ते ठीक आहे, पण इथे कडक आणि बारीक गोळी हा सर्वांत वाईट जोड ठरतो. वीस भाग शिशाला एक भाग कथील, खोबणीत मेण-चरबीचे मऊ वंगण, ही आमची पसंती. वंगण मऊ असेल तर काळ्या दारूची राखही मऊ राहते. शिसे ओतताना हवा खेळती हवी आणि हात धुतल्याशिवाय खाणे-पिणे नको.

एवढे ठरले की डाय निवडणे सोपे होते. नेहमीच्या डायचा आटा ७/८ इंची असतो. मोठ्या काडतुसांच्या काही डाय सव्वा इंची येतात. तेव्हा डाय ज्यात बसवायची त्या आपल्या प्रेसचे तोंड आधी पाहावे. पूर्ण पुंगळी दाबणारी डाय दर वेळी वापरण्याची गरज नाही. त्याच रायफलीत उडालेली पुंगळी त्याच चेंबरच्या आकाराची झालेली असते, तिचे फक्त तोंड आवळले की पुरते आणि पितळही जास्त टिकते. खरा घोटाळा तोंड रुंद करणाऱ्या खुंटीत असतो. ती बारीक गोळीच्या मापाची असेल, तर कडक पितळ मऊ गोळीला बसवतानाच चिमटते आणि ०.४६८ ची म्हणून घेतलेली गोळी आतल्या आत लहान होते. नेम बिघडतो, आणि दोष मात्र गोळीला लागतो.

दारूबद्दल तडजोड नको. या रायफली काळ्या दारूसाठी घडवल्या आहेत. तपासणी झालेली नसेल तर तीही भरू नये. ८५ ग्रेन हा जुना आकडा पातळ पत्र्याच्या पुंगळीचा होता. आजच्या जाड पितळात जागा वेगळी असते, म्हणून तो जसाच्या तसा उचलू नये. भारतातल्या वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याची मुभा नव्हे. निर्मितीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो.

राहता राहिले विक्रेते. डब्यावर ‘मार्टिनीसाठी’ एवढेच छापून भागत नाही. गोळीचा नेमका व्यास आणि मिश्रण, डायच्या खुंटीचे माप आणि आटा, एवढ्या चार गोष्टी छापायला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही, आणि त्या मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.