पाळकांना शाल, पाळकीणबाईंना काय?

गेल्या हिवाळ्यात माझी एक जुनी मैत्रीण चार दिवस हरिहरेश्वरला आमच्याकडे राहायला आली. तिचे यजमान घाटावरच्या एका ख्रिस्ती मंडळीचे पाळक. तीस-बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर ते निवृत्त झाले होते. मोठा निरोप समारंभ झाला होता. शाल, श्रीफळ, चौकटीतले मानपत्र, अकरा भाषणे. ती सगळे हौसेने सांगत होती.

"आणि तुला काय दिलं?" मी विचारले.

"मला गुलाबाचं फूल दिलं. आणि महिनाअखेर घर रिकामं करायचं पत्र दोघांना मिळून!" असे म्हणून ती हसली. मला मात्र हसू आले नाही.

घर मंडळीचे. पाळक आहेत तोवर राहायचे. बदली झाली, निवृत्ती आली किंवा पाळक वारले की सोडायचे. नवे पाळक येणार, त्यांना जागा हवीच. हा नियम मला समजतो. पण तीस वर्षांत तीन गावे बदललेल्या या बाईच्या नावावर कुठेच एक खोली नव्हती. स्वतःचे पासबुकही नव्हते. पहिल्या बदलीच्या वेळी तिने शाळेतली नोकरी सोडली, कारण "पाळकीणबाईंनी नोकरी केली तर मंडळीकडे कोण बघणार?" असे मंडळीतल्याच वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले.

मंडळीकडे बघणे म्हणजे काय, ते मी तिच्याकडून एकदा नीट मोजून घेतले. रविवारी मुलांची शब्बाथशाळा. आठवड्यात एकदा बायकांची प्रार्थनासभा. कुणी आजारी असेल तर दवाखान्यात डबा. मयत झाली तर त्या घरच्या बायकांजवळ रात्रभर बसणे. नाताळात गाण्यांची तालीम आणि येईल त्याला चहा-फराळ. नवरा मारतो म्हणून रात्री दार ठोठावणाऱ्या बाईला आत घेणे आणि त्याबद्दल बाहेर अवाक्षर न काढणे. शिवाय साडी कोणती नेसली, मुलगा कुणाशी बोलतो, मुलगी किती वाजता घरी येते, यावर सगळ्या मंडळीचे लक्ष. यातल्या एकाही कामाची नोंद मंडळीच्या अहवालात नाही. पाळकांचे मानधन एक, काम करणारी माणसे दोन.

आम्ही दोघी संध्याकाळी समुद्रावर बसलो होतो. समोर सावित्रीच्या मुखापलीकडे बाणकोट दिसतो. आज बागमांडल्याहून फेरीबोटीत बसले की माणूस वेसवीला उतरतो, तिथून बाणकोट जवळच. या किनाऱ्याशी पाळकांच्या घरांचा जुना संबंध आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपले काम याच बाणकोटात सुरू केले. पुढे ते खाली हर्णैपर्यंत गेले. १८२९ साली मुंबईत उतरलेले जॉन विल्सन सुरुवातीला मराठी शिकायला याच भागात येऊन राहिले होते. विल्सन कॉलेजमुळे त्यांचे नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी मार्गारेटही आल्या होत्या. त्यांनीही मराठी शिकून घेतली, मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, पोटची मुले गमावली आणि १८३५ साली त्या मुंबईतच वारल्या. मुलींना शिकवणे हा गुन्हा वाटावा असा तो काळ. मार्गारेटबाईंचे चरित्र विल्सन यांनी लिहिले, ते १८३८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे या बाईचे मोल नवऱ्याला कळले होते. पण तिची कहाणी आपल्यापर्यंत आली ती त्याच्या हाताने.

मराठीत मात्र एका पाळकाच्या पत्नीने ही रीत उलटी केली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण सगळ्यांनी वाचली आहेत. पण पाळकाच्या घरातली बाई म्हणून त्यांच्याकडे कितीजणींनी पाहिले? रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना विचारून नव्हे. पुढची जवळजवळ पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने ताटातुटीत काढली. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही विचार करून, आपल्या वेळी. टिळकांच्या हाती पैसे टिकत नसत. समोर गरजवंत आला की खिसा रिकामा. घरी कोण कधी जेवायला येईल याचा नेम नाही. जग त्यांना उदार म्हणत होते, ते होतेही. पण त्या उदारपणाची चूल पेटती ठेवायचे काम लक्ष्मीबाईंचे होते. १९१७ साली टिळकांनी मिशनचे काम आणि पगार सोडून संन्यस्त जीवन पत्करले. १९१९ साली ते गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी मग त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले आणि १९३४ पासून स्मृतिचित्रे भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांचे नवऱ्यावर अतोनात प्रेम होते, हे पानोपानी दिसते. त्यांनी त्याला देव मात्र केले नाही. हसत हसत त्याचा हिशेबही मांडला.

तो हिशेब मला आज हवा आहे.

अमेरिकेत १९९०च्या दशकापासून ऑक्टोबर महिना पाळकांचे आभार मानण्यासाठी पाळतात. आपल्याकडच्याही काही मंडळ्यांत ही पद्धत आली आहे. मला ती वाईट वाटत नाही. लोकांच्या जन्ममरणाला धावून जाणाऱ्या माणसाला कुणी धन्यवाद म्हणू नयेत काय? बऱ्याच पाळकांचे मानधन तुटपुंजे असते, तेही वेळेवर मिळेलच असे नाही, हेही मला माहीत आहे. पण कौतुक ही एक दिवसाची गोष्ट आणि आधार ही रोजची. शालीने थंडी जाते, घरभाडे भागत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते. "ही नोकरी नव्हे, सेवा आहे. सेवेचा हिशेब मागायचा नसतो." माझ्या मैत्रिणीचेही पहिले उत्तर हेच होते, आणि तिची श्रद्धा खरी आहे म्हणून मी ते हलक्याने घेत नाही. पण मी तिला एवढेच विचारले, की सेवा करायची का, असे तुला कुणी कधी विचारले होते का? जी गोष्ट नाकारण्याची मोकळीक नाही, तिला सेवा म्हणायचे की वेठ? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कुणी विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

माझ्या मते आधाराची सुरुवात या विचारण्यातून व्हायला हवी. मंडळीने पाळकाची नेमणूक करताना त्यांच्या पत्नीची फुकट नेमणूक गृहीत धरू नये. त्या शब्बाथशाळा चालवणार असतील तर कामाची नोंद आणि मानधन त्यांच्या नावाने हवे. त्यांना नोकरी करायची असेल तर करू द्यावी. पहिल्या महिन्यापासून निवृत्तीनंतरच्या घरासाठी काही रक्कम बाजूला पडावी आणि ती दोघांच्या नावे असावी. पाळक अकाली वारले तर विधवेला सामान आवरायला महिना नव्हे, निदान मुलांचे शाळेचे वर्ष मिळावे. आणि त्या घरातच मारहाण होत असेल, तर ती सांगायला मंडळीबाहेरची एखादी जागा असावी. सगळ्यांचे दुःख ऐकणारी बाई आपले दुःख कुणाला सांगणार?

आणखी एक. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांनाही पाळक म्हणून दीक्षा मिळते. चर्च ऑफ साउथ इंडियात तर २०१३ साली पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. म्हणजे वेदीपर्यंतची वाट उघडी आहे. बाई पाळक झाली की तिच्या नवऱ्याने स्वयंपाकघर आणि शब्बाथशाळा सांभाळावी, अशी अपेक्षा कुणी करत नाही. यावरूनच कळते की पाळकीणबाईंचे काम 'पाळकाच्या जोडीदाराचे' कधीच नव्हते, ते बाईचे होते.

मैत्रिणींनो, हे दुसऱ्यांच्या घरातले आहे असे समजून सुटका करून घेऊ नका. इथे हरिहरेश्वरात प्रदक्षिणेला येणाऱ्या भाविकांची पाने वाढणाऱ्या, पहाटे उठून सोवळ्यातला स्वयंपाक करणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहते. पूजेची दक्षिणा गुरुजींच्या हातात पडते. आणि आपल्या चळवळीत? पूर्णवेळ कार्यकर्त्याचा सत्कार करताना त्याच्या घरी पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापणारीला आपण व्यासपीठाच्या कडेला बसवून फूलच दिले आहे ना? मी स्वतः ते फूल दिलेले आहे.

चौथ्या दिवशी मैत्रीण निघाली. एस. टी.त चढताना सवयीने "सलाम" म्हणाली. परत जाऊन तिने पहिले काम कोणते केले असेल? बँकेत आपल्या नावाचे खाते उघडले. रक्कम लहान आहे. पासबुकावर नाव मात्र तिचे एकटीचे.