फोन सेविकेचा, किल्ली कंपनीची

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल फोन शासनाच्याच दारात नेऊन परत केले. संप, मोर्चे, धरणी ही कामगार चळवळीची परिचित हत्यारे; परंतु मालकाने दिलेले अवजार सामुदायिकपणे त्याच्या पुढ्यात ठेवण्याचा हा प्रकार नवा होता, आणि त्याची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी ती झाली नाही. २०१९ साली पोषण अभियानातून वाटलेल्या या फोनांची रॅम अवघी दोन जीबी. ते तापत, मध्येच बंद पडत. हमीची मुदत उलटल्यावर दुरुस्तीचा भार तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या अंगावर पडे. आधीची प्रणाली गुंडाळून केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आणले. ते या फोनांत नीट उतरेना, आणि जेथे उतरले तेथे माहिती इंग्रजीतून भरावी लागे. भाषेची ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. २०२३ च्या संपानंतर शासनाला नव्या फोनांची तयारी दाखवावी लागली.

नवे फोन मिळणे हा सेविकांचा विजयच होता. परंतु त्या विजयाच्या गडबडीत एक प्रश्न मागे राहिला. सार्वजनिक पैशातून घेतलेले, पडदा, कॅमेरा, बॅटरी शाबूत असलेले यंत्र दोन-अडीच वर्षांत निकामी का ठरावे? त्यात हलकी प्रणाली बसवून ते आणखी काही वर्षे का वापरता येऊ नये? याचे उत्तर यंत्राच्या क्षमतेत जितके आहे त्याहून अधिक एका कुलपात आहे. त्या कुलपाचे नाव बूटलोडर.

फोन सुरू करताच सर्वांत आधी जागा होतो तो हा छोटा प्रोग्राम. पुढे कोणती प्रणाली सुरू होऊ द्यावयाची हे तो ठरवतो. कंपनीची मोहोर ज्या प्रणालीवर आहे तीच तो आत घेतो. दुसरी कोणतीही, मग ती कितीही निर्दोष असो, दारातून परत पाठवतो. हे कुलूप काढणे म्हणजे बूटलोडर उघडणे. आणि आतल्या प्रणालीत सर्वाधिकार मिळवणे म्हणजे रूट करणे. या दोन गोष्टी लोक एकच समजतात, त्या एक नव्हेत. पहिलीत आपण घराची किल्ली मागतो. दुसरीत घरातली कोणतीही भिंत पाडण्याचा अधिकार घेतो. जुना फोन वापरात ठेवण्यासाठी बहुधा पहिलीच पुरते. लिनिएजओएससारखी, जगभरातील स्वयंसेवकांनी सांभाळलेली प्रणाली कुलूप उघडताच बसवता येते. रूट करण्याची गरज त्यासाठी पडत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मालकीचा कागद हाती आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, हा अनुभव या जंगलाने पुरेपूर घेतला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले होते, म्हणजे तो ग्रामसभेचा होता. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला, आणि १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा बांबूची गणना झाडांत होत असे एवढ्या आधारावर तो नाकारला गेला. ज्या जंगलातील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला करारांनी सवलतीत मिळत आला, त्याच जंगलाच्या मालकाला आपला बांबू विकता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक देवाजी तोफा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ग्रामसभेच्या स्वाधीन केले. हक्काच्या कागदानंतर परवान्याचे पुस्तक हाती येईपर्यंत गेलेला काळ हा कुलपाचा काळ होता. फोनच्या बाबतीत तो काळ अजून संपलेला नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद असा, की यंत्र आम्ही घडवले, नियम आमचे. हा दावा तपासून पाहण्याजोगा आहे. अँड्रॉइडच्या गाभ्याशी असलेले लिनक्स हे हजारो प्रोग्रामरांच्या सामायिक श्रमाचे फळ आहे. त्याच्या परवान्यानुसार कंपनीला गाभ्याचा बदललेला मजकूर खुला करावा लागतो. परंतु परवान्याची ती आवृत्ती जुनी, दुसऱ्या क्रमांकाची. मजकूर द्यावयाचा आणि तो यंत्रात चालू द्यावयाचा नाही, ही चलाखी तिच्यात अडवलेली नव्हती. २००७ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ग्राहकाला किल्लीही द्या असे बजावले. लिनक्स मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. सामायिक श्रम फुकट घ्यावयाचे आणि त्यावर खाजगी कुलूप घालावयाचे, ही मक्तेदारी भांडवलाची जुनीच रीत. येथे ती सिलिकॉनवर कोरलेली आहे इतकेच.

बरे, कुलूप सैल होत चालले आहे असेही नाही. गूगल आपल्या पिक्सेल फोनांचे बूटलोडर सामान्यतः उघडू देते, पण एटापल्लीच्या बाजारात पिक्सेल कोण घेतो? शाओमीच्या फोनांसाठी अर्ज करावा लागतो व ठरावीक काळ थांबावे लागते, आणि त्या अटी वर्षागणिक कडक झाल्या. सॅमसंगने २०२५ मध्ये आलेल्या वन यूआय ८ या आवृत्तीपासून ही सोयच काढून घेतली. म्हणजे गरीब आणि मध्यम माणूस जे फोन घेतो तेच अधिकाधिक बंदिस्त होत आहेत.

या कुलपाला काही अर्थच नाही असे आम्ही म्हणणार नाही. चोरलेला फोन चोराला सहज वापरता येऊ नये, कोणी तासाभरासाठी हाती लागलेल्या फोनात हेरगिरीचे साधन पेरू नये, यासाठी ते उपयोगी आहे. जंगल जिल्ह्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून पेरली गेल्याचा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ साली मांडला, तो विसरता येत नाही. उघड्या बूटलोडरचा फोन ताब्यातून गेला तर तो परत आल्यावर पूर्वीचाच आहे असे मानू नये. आमचे म्हणणे एवढेच, की कुलूप असावे आणि किल्ली ज्याचे घर त्याच्याकडे असावी.

हे मान्य केल्यावर तंत्राचे उत्साही तरुण ज्या सहजतेने ‘रूट करून टाका’ असा सल्ला देतात, त्याबद्दलही बोलावे लागते. ज्या घरात एकच फोन आहे, त्यावरच मजुरीचे पैसे येतात आणि मुलांचे शिक्षण चालते, त्या फोनवर प्रयोग करणे हे धाडस नव्हे, बेजबाबदारपणा आहे. बूटलोडर उघडताच फोनमधील सारा मजकूर पुसला जातो. ही चूक नसून रचनाच तशी आहे. तेंदूपानाच्या हंगामातील हिशोबाची छायाचित्रे, ग्रामसभेच्या ठरावांच्या प्रती, फोन नंबर, सारे आधी दुसरीकडे उतरवून घेतलेच पाहिजे, आणि उतरवलेले उघडते का हेही पाहिले पाहिजे. फोनचे नाव एकच असले तरी आतली जात निराळी असू शकते, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळल्याखेरीज कोणतीही फाइल चढवू नये. मूळ प्रणालीची त्याच क्रमांकाची प्रत आधी हाती असावी, म्हणजे बिघडल्यास परतीची वाट राहते. बॅटरी पुरेशी भरलेली, तार धड, संगणकाला विजेची खात्री. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्या दिवसांत हे काम काढूच नये. फाइल मूळ प्रकल्पाकडूनच घ्यावी व तिची पडताळणी-संख्या जुळवावी. एका कळीत रूट करून देण्याचे आमिष दाखविणाऱ्या प्रोग्रामांना घरात घेणे म्हणजे चोराला किल्ली देणे होय. सर्वांत घातक चूक शेवटी होते: बदललेली प्रणाली आत असताना बूटलोडर पुन्हा बंद केला की कुलूप तिला ओळखत नाही आणि फोनची वीट होते. बंद करावयाचाच असेल तर मूळ प्रणाली पूर्ण परत बसवून, फोन एकदा नीट सुरू झालेला पाहून मगच. आयएमईआय क्रमांकाला मात्र कोणत्याही कारणाने हात लावू नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो गुन्हा आहे.

मग स्वतःच्या फोनचे कुलूप काढणे हाही गुन्हा आहे काय? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले ६५-अ हे कलम हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप मोडणाऱ्याला शिक्षा सांगते. आपल्या फोनवर मुक्त परवान्याची प्रणाली बसविणाऱ्याचा तो उद्देश नसतो. अमेरिकेने फोन मोकळा करण्यास २०१० मध्येच कायद्यात सूट दिली. शासकीय फोनची गोष्ट निराळी. तो सेविकेच्या हाती असला तरी खात्याची मालमत्ता आहे. तिने तो स्वतः उघडला तर कारवाईची टांगती तलवार तिच्याच डोक्यावर. म्हणून हे काम संघटनेने खात्याकडून करवून घ्यावयाचे आहे, एकट्या सेविकेने रात्री चोरून नव्हे.

आणखी एक कुलूप आहे, त्याकडे आमचे लक्ष अलीकडेच वेधले गेले. बूटलोडर उघडला की अनेक बँकांची व यूपीआयची अ‍ॅप चालण्याचे नाकारतात. फोनची मूळ मोहोर शाबूत आहे का, हे ती गूगलच्या यंत्रणेकडून विचारून घेतात. आधारची चेहरा-ओळखही अशीच तपासणी करते, आणि १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकरवर घरपोच आहारासाठी चेहरा-ओळख सक्तीची झाली. म्हणजे भारतीय नागरिकाने आपल्या बँकेतील आपले पैसे व आपल्या बाळाचा आहार घेण्यासाठी एका परदेशी कंपनीच्या शिक्क्यास पात्र राहावयाचे. ज्या गूगलला अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या दुरुपयोगाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तिच्याच हाती ही पंचाईत सोपवली आहे! तूर्त ज्यांना या सेवा लागतात त्यांनी तो फोन जसा आहे तसा ठेवावा आणि कपाटातील जुना फोन मोकळा करावा.

त्या जुन्या फोनचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ साली आणि गुंजाळा लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यापूर्वीच्या प्रणालीवर अडकलेल्या फोनात ही अक्षरे उमटत नाहीत, रिकामे चौकोन दिसतात. आणि प्रणालीत नवी अक्षरे बसविण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नाही. धानोरा तालुक्यातच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. अशा शाळेतील मुलाला आपली लिपी पडद्यावर पाहावयाची असेल, तर ती नव्या फोनच्या किमतीवर अवलंबून का असावी? येथे नवी प्रणाली, किंवा ती नसेल तेथे रूटसुद्धा, योग्यच ठरते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. सुटे भाग व दुरुस्ती-केंद्रे यांची माहिती मिळणे चांगलेच, परंतु ज्या यंत्राचा मेंदूच कंपनीकडे गहाण आहे त्याचा पडदा बदलून कितीसा उपयोग? महाराष्ट्र शासनाने अंगणवाडी, आशा, रोजगार हमी वा शाळा यांसाठी यापुढे जो फोन वा टॅब्लेट घ्यावयाचा, त्याच्या निविदेत दोन अटी घालाव्यात: सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार ते लेखी द्यावे, आणि ती मुदत संपताच बूटलोडरची किल्ली खात्याकडे विनामूल्य सुपूर्द करावी. परत आलेले फोन भंगारात काढण्यापूर्वी त्यांतील किती मोकळे करून शाळा-ग्रंथालयांना देता येतील, याची तपासणी आयटीआय व तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांकडून मोबदला देऊन करून घ्यावी. चंद्रपूर आणि गडचिरोली येथे या दोन्ही प्रकारच्या संस्था आहेत. तेंदूचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभांनी आपल्या कामासाठी फोन घेताना हीच अट दुकानदारापुढे ठेवावी. दहा-वीस फोनांची एकत्र मागणी आली, की कोणते मॉडेल उघडते आणि कोणते नाही हे तोही शोधून काढील.