बाबांची बाटली

बाबांची हार्ट सर्जरी झाली, की आपण काय करतो? ऑफिसमधून येता येता अँटिऑक्सिडंटची महागडी बाटली आणतो. वेळ देता येत नाही ना, मग गोळ्या तरी! मीही आणली. पण ब्रिटनमध्ये हृदयविकार, मधुमेह वगैरे असलेल्या २०,५३६ जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांना पाच वर्षं रोज व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा-कॅरोटिन दिलं. २००२ साली निकाल आला : फायदा शून्य. बरं, नुसते पैसे गेले असते तर चाललं असतं. पण बाबांचा व्हॉल्व्ह बदललाय, रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन सुरू आहे. त्यात व्हिटॅमिन ईचा मोठा डोस म्हणजे रक्तस्रावाची भीती. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर नसलेली कुठलीही गोळी आधी डॉक्टरांना दाखवा. माझी बाटली कपाटातच राहिली. पुढच्या आयएनआर टेस्टला बाबांना मीच नेणार आहे, हाफ डे टाकून.