थंडी सोसवत नाही त्यांच्यासाठी

निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की बातमी द्राक्षबागांची होते. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक पणाला लागलेलं असतं, तेव्हा ते रास्तच. पण त्याच पहाटे त्याच गावात शहाबादी फरशीवर अनवाणी वावरणारी एखादी आजी असते, पत्र्याखाली निजलेलं बाळ असतं. आपल्याकडची बहुतेक घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. थंडीत ती आतून गार पडतात.

म्हणून घरात कुणी ‘मला फार वाजतं’ म्हणालं, तर ‘एवढी काही थंडी नाही’ म्हणून उडवून लावू नका. वय वाढलं की अंगावरचं मांस झडतं, शरीराची ऊब कमी होते. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड मंदावलं तरीही थंडी जास्त बाधते. यंदा एकाएकी त्रास वाढला असेल, तर या दोन तपासण्या करून घ्या.

आता अंथरूण बघा. आपण पांघरुणावर पांघरूण चढवत जातो, आणि इकडे फरशी खालून अंगातली ऊब ओढून घेत असते. गोधड्या दोनच असतील तर एक खाली घाला. तिच्याखाली पुठ्ठा, रिकामी पोती, रद्दीचे जाड थर, जे असेल ते पसरा. सुतळीच्या खाटेला खालून वारा लागतो, तिथेही हेच करा.

एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे, कारण त्यांच्यामध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. घामानं ओला झालेला बनियन मात्र लगेच बदला. कानटोपी आणि सैल पायमोजे रात्रीही असू द्या. म्हाताऱ्या माणसांनी पहाटेच्या अंघोळीचा हट्ट सोडावा, ऊन वर आल्यावर करावी. रात्री उपाशी झोपू नये. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं गरम माडगं पोटात असलं की अंग तग धरतं. दारूनं ऊब येते हा भ्रम आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तेवढ्यापुरतं गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

आणि हे हात जोडून सांगतो: दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला जागही येत नाही, अख्खी कुटुंबं अशी गेली आहेत. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही तितकाच घातक. शेकायचं तर अंगणात शेका, निखारे विझवूनच आत या. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर गरम पाण्याची पिशवी थेट पायांना लावू नका. भाजलेलं कळत नाही.

कुडकुडणारा म्हातारा माणूस एकाएकी कुडकुडायचा थांबला, गुंगीत गेला, बोलताना अडखळू लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. अंगाचं तापमान ३५ अंशांखाली गेलं असण्याची शक्यता असते. ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात डोक्यासकट गुंडाळा, चेहरा तेवढा उघडा ठेवा. हातपाय चोळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या.