केस गळतात, दोष पाण्याचाच?

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत केस गळू लागले की पहिला दोष बोअरच्या जड पाण्याला. जानेवारी २०२५मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात अनेकांना काही दिवसांतच टक्कल पडले, तेव्हाही आधी संशय पाण्यावरच गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले.

जड पाण्याने केस राठ होतात, मध्येच तुटतात. मुळापासून गळत नाहीत. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो मुळातून आलेला. असे रोज ५० ते १०० केस जाणे स्वाभाविक. त्याहून जास्त गळत असतील, तर दोन-तीन महिन्यांमागचा ताप, बाळंतपण किंवा कडक उपवास आठवावा. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घ्यावे. तेल-शाम्पू बदलणे त्यानंतर.