औषधांची पेटी भरण्यापूर्वी

नाशिकच्या माणसाला अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आठवतो. १९०९ साली या शहरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि त्यानंतरच्या खटल्यांनी नाशिकचे नाव काळ्या पाण्याशी कायमचे जोडले गेले. परंतु तो तुरुंग उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून ती बेटे कोणाची तरी मायभूमी होती, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या या शहरातील तरुण डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या मनात अंदमान-निकोबारला सेवापथक नेण्याचा विचार येत असेल, तर तो स्वागतार्हच आहे. मात्र त्यांच्या तयारीचा आरंभ औषधांच्या यादीने न होता या विसरलेल्या इतिहासाने व्हावयास हवा.

१८५८ साली इंग्रजांनी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आजचे श्रीविजयपुरम, येथे बंदिवानांची वसाहत वसवली. तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींची संख्या काही हजारांत होती. पुढे त्यांना 'सुधारण्यासाठी' सरकारने 'अंदमान होम' नावाची निवासस्थाने उघडली. तेथे अन्न मिळाले, वस्त्र मिळाले आणि त्यांबरोबर बाहेरचे रोगही मिळाले. १८७७ साली गोवराच्या साथीने वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले होते अवघे १९. हा केवळ साम्राज्यशाहीच्या क्रौर्याचा इतिहास नव्हे. तो परोपकाराच्या अज्ञानाचाही इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरही हा धोका टळला नाही. जारवा लोक जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. दूरच्या हैती देशात २०१० साली जो कॉलरा पसरला, तो शांतिसैनिकांच्या छावणीतून नदीत गेलेल्या मैल्यामुळे. त्यात दहा हजारांच्या आसपास माणसे मेली आणि संयुक्त राष्ट्रसंघाला आपला त्यातील वाटा मान्य करावयास २०१६ साल उजाडावे लागले.

म्हणून पथकातील प्रत्येकाने प्रथम स्वतःची तपासणी करावी. गोवर, कावीळ-ब, धनुर्वात यांच्या लसी पूर्ण झाल्या आहेत काय? निघण्याच्या दिवशी ताप-खोकला असल्यास मागे राहण्याचा मनोनिग्रह आहे काय? मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस हे त्या बेटांवरील नित्याचे आजार आहेत. त्यांपासून स्वतःचे रक्षण न करणारा स्वयंसेवक तेथील अपुऱ्या खाटांपैकी एक अडवून बसतो. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीनुसार राखीव क्षेत्रात परवान्यावाचून जाता येत नाही. सेवाभावी मंडळींना ही लालफीत वाटते. वस्तुतः ती अनेक मृत्यूंनंतर सुचलेले शहाणपण आहे.

दुसरा प्रश्न औषधांचा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर सुमात्रा बेटावरील आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४००० टन औषधे येऊन पडली. त्यांतील बरीचशी तेथील आवश्यक औषधांच्या यादीतच नव्हती. काहींची मुदत संपत आली होती, काहींवरील भाषा तेथील कर्मचाऱ्यांना वाचता येत नव्हती. ती नष्ट करण्याचा भार त्या उद्ध्वस्त प्रांतावरच पडला. औषध कंपन्यांचा शिल्लक माल हा दानधर्म ठरत नाही. काय हवे आहे ते बेटावरील आरोग्य केंद्राने सांगावे आणि पथकाने तेवढेच न्यावे, हा साधा नियम.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि तो सर्वांत अवघड. क्षयाचा साधा उपचारसुद्धा सहा महिने चालतो. शिबिर चालते सात दिवस. रक्तदाब आणि मधुमेह तर जन्मभराचे. आठव्या दिवशी पथक जहाजावर चढले की रुग्णाच्या हाती राहते एक चिठ्ठी आणि संपत आलेल्या गोळ्या. यासाठी प्रत्येक रुग्णाची नोंद स्थानिक परिचारिकेच्या वहीत झाली पाहिजे आणि पथकाने तिच्या मार्गदर्शनाखाली काम केले पाहिजे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टरांपैकी चौघे परतले. कोटणीस राहिले, चिनी भाषा शिकले, तेथील डॉक्टर घडवू लागले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. प्रत्येकाकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु सेवा म्हणजे भेट नव्हे, हे त्यांच्याकडून शिकता येते.

यावर कोणी म्हणेल की, रोगी समोर तळमळत असताना ही तत्त्वचर्चा कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. त्सुनामीसारख्या संकटात बाहेरचे हात लागतातच. पण तेव्हाही निकोबारी कुटुंबे उष्ण हवेत पत्र्याच्या निवाऱ्यांत कोंबली गेली, कारण त्यांना काय हवे ते पुरेसे कोणी विचारले नाही. आणि नित्याच्या आजारांसाठी दरवर्षी स्वयंसेवकच लागत असतील, तर ते शासनाच्या कर्तव्यच्युतीचे लक्षण होय. पैसे नसल्यामुळे कोणी उपचारांवाचून राहू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि लाखांच्या वस्तीचे शहर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली; त्याच बेटावरील शोम्पेन जमातीची संख्या २०११ च्या जनगणनेत २२९ होती. १८५८ नंतर जे घडले ते ठाऊक असलेल्या डॉक्टरने या बाबतीत मौन पाळणे हे वैद्यकशास्त्रालाही धरून नाही.

या प्रवासाची रंगीत तालीम नाशिक जिल्ह्यातच करता येईल. पावसाळ्यात पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवर जावे, कोकणा आणि वारली माणसांचे म्हणणे त्यांच्या बोलीत ऐकावे, आशा सेविकेला काय अडते ते विचारावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच पाड्यावर जावे. ज्याला हे जमले, त्याने खुशाल बेटावर जावे. ज्याला पाड्यावर दुसऱ्यांदा जावेसे वाटले नाही, त्याला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आणि परतल्यावर पथकाने किती रुग्ण तपासले याचा आकडा जाहीर करण्याऐवजी एवढेच सांगावे: तेथील आरोग्य केंद्र आपण गेलो तेव्हापेक्षा आज अधिक समर्थ आहे काय?