ओला, एक गोष्ट सांगू?

स्पॅनिश म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शनिवारचा साल्साचा क्लास, ‘देस्पासितो’ आणि सीव्हीत वाढलेली एक ओळ. आपल्यापैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी स्पॅनिशचा बेसिक कोर्स लावलाय, नाहीतर मोबाइलवर ते हिरवं घुबड तरी पाळलंय. ‘ओला’, ‘ग्रासियास’ जमलं की कॉलर टाइट! थोडक्यात काय, आपल्यासाठी स्पॅनिश एकदम कूल आहे.

आता जरा अमेरिकेत चला. तिथे चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. त्यांच्या पोरांसाठी शाळेत ही भाषा कूल होती का? टेक्सासमधल्या मार्फा नावाच्या छोट्या गावाची हकिगत ऐका. तिथल्या ब्लॅकवेल शाळेत मेक्सिकन वंशाची मुलं शिकायची. १९५४ साली या मुलांकडून ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या, पेटीत भरल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ चक्क पुरल्या. ‘मिस्टर स्पॅनिश’चा अंत्यविधी! विद्यार्थीच लिहिणार, विद्यार्थीच पुरणार. ही शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ व्हावी असा कायदा २०२२ साली झाला.

आज कोणी चिठ्ठ्या पुरायला लावत नाही. पण पहिलीतलं पोर शाळेच्या लायब्ररीत गेलं आणि आईच्या भाषेतलं एकही पुस्तक तिथे नसेल, तर त्याला काय कळतं? हेच ना, की ती भाषा घरी ठेवून यायची असते?

‘अमेरिकेत राहायचंय ना, मग इंग्लिश शिका की!’ हे मनात आलं असेल तर तुम्ही एकटे नाही. १९९६ साली लॉस एंजेलिसमधल्या काही स्पॅनिशभाषक पालकांनीच ‘आमच्या मुलांना नीट इंग्लिश शिकवत नाहीत’ म्हणून शाळेवर बहिष्कार टाकला होता. तक्रार खरी होती. पण तिच्यावर उपाय काय निघाला? रॉन अन्झ नावाच्या सॉफ्टवेअर उद्योजकाने ‘प्रपोझिशन २२७’ आणलं आणि जून १९९८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ते सुमारे ६१ टक्के मतांनी पास केलं. म्हणजे काय, तर साधारण वर्षभर इंग्लिशची खास शिकवणी आणि मग थेट नेहमीच्या वर्गात. पुस्तकांवर बंदी नव्हती. पण वर्गात सगळंच इंग्लिशमधून चालणार असेल, तर स्पॅनिश पुस्तक उघडायचं कधी?

मुद्दा असा आहे की वाचायला शिकणं आणि इंग्लिश शिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. सहा वर्षांचं पोर अक्षरं जोडत एखादा शब्द वाचतं, तेव्हा तो कानाला ओळखीचा असला तरच डोक्यात दिवा पेटतो. ‘लुना’ वाचलं की चंद्र दिसतो. ‘मून’ वाचलं आणि तो शब्दच कधी ऐकला नसेल, तर तोंडातून नुसता आवाज निघतो. बालवाडीत आपण हातवारे करून म्हटलेल्या इंग्लिश राइम्स आठवून बघा. किती ओळींचा अर्थ कळत होता?

त्यात स्पॅनिशचा आणखी एक प्लस पॉइंट आहे. मराठीसारखंच तिथेही बहुतेक वेळा जसं लिहितात तसं वाचतात. पाच स्वर, पाच उच्चार, विषय संपला. इंग्लिशमध्ये ‘कफ’, ‘दो’ आणि ‘थ्रू’ या तिघांच्या शेवटी तेच ओ-यू-जी-एच, आणि उच्चार मात्र तीन तऱ्हांचे. आता सांगा, वाचनाची गाडी कोणत्या रस्त्यावर शिकाल?

आणि एकदा वाचता आलं की आलं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हेच सांगत आलेत, की एका भाषेत कमावलेलं वाचनाचं कौशल्य दुसऱ्या भाषेत कामी येतं. अमेरिकेत तज्ज्ञांच्या एका राष्ट्रीय समितीने तोवरचे अभ्यास तपासून २००६ साली अहवाल दिला. त्याचा निष्कर्षही असाच होता. घरच्या भाषेतही शिकवलेली मुलं इंग्लिश वाचनात फक्त इंग्लिशमधून शिकलेल्यांपेक्षा मागे पडत नाहीत, उलट थोडी पुढेच असतात.

पण माझ्या मते खरी गंमत शाळेत नाही, घरी आहे. शाळा सांगते, रोज रात्री मुलाला वाचून दाखवा. आईला इंग्लिश येत नाही. दप्तरातून इंग्लिश पुस्तक येतं. पुढे? अशा घरांत पोरंच ट्रान्सलेटर होतात. शाळेची नोटीस, विजेचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं वाचून सांगायचं काम आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे. आई-बाबांना काही येत नाही, हे त्याच्या डोक्यात हळूहळू पक्कं बसतं. तेच पुस्तक दोन भाषांत असेल तर? डावीकडचं पान आई वाचते, उजवीकडचं पोर. तिथे अडलं की आई सांगणार, इथे अडलं की पोर सांगणार. कोणी कोणापुढे लहान होत नाही.

ही आयडिया काही आजची नाही. प्युरा बेलप्रे हे नाव लक्षात ठेवा. प्युर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेली ही मुलगी १९२१ साली तिथल्या पब्लिक लायब्ररीच्या हार्लेममधल्या शाखेत कामाला लागली. बघते तर काय, आजीकडून ऐकलेली एकही गोष्ट तिथल्या कपाटात नाही. मग तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली. इंग्लिशमधून, स्पॅनिशमधून, हातात बाहुल्या घेऊन. झुरळीण आणि उंदीर यांच्या प्रेमाची तिची ‘पेरेस अँड मार्तिना’ १९३२ साली पुस्तकरूपात आली. तिच्या नावाने १९९६पासून लॅटिनो बालसाहित्याला पुरस्कार दिला जातो.

मग आज कपाटं भरली असतील, नाही का? विस्कॉन्सिन विद्यापीठातलं मुलांच्या पुस्तकांचं एक केंद्र दरवर्षी ही मोजदाद करतं. २०१८ साली त्यांनी तपासलेल्या पुस्तकांत गोरी मुख्य पात्रं होती ५० टक्के, प्राणी आणि वस्तू मिळून २७ टक्के आणि लॅटिनो पात्रं फक्त ५ टक्के. म्हणजे ससे-अस्वलांची चंगळ आहे! आणि सरकारी शाळांत लॅटिनो मुलं किती? चारात एकाहून जास्त. शिवाय त्या ५ टक्क्यांतली कितीतरी पुस्तकं निव्वळ इंग्लिश.

बरं, दोन भाषा छापल्या म्हणजे झालं असंही नाही. काही पुस्तकांत इंग्लिश वर, ठसठशीत. स्पॅनिश खाली, बारीक तिरक्या टाइपात, तळटीप असल्यासारखी. मुलांना हे बरोबर कळतं. काहींमध्ये यमक इंग्लिशमध्ये झकास जुळतं आणि स्पॅनिशमध्ये त्याचं सरकारी परिपत्रक होतं. शिवाय मेक्सिकोतलं, प्युर्तो रिकोतलं आणि ग्वातेमालातलं स्पॅनिश एक नाही. साध्या केकला, बसला वेगवेगळे शब्द. म्हणूनच मुळात दोन्ही भाषांचा कान असलेल्या लेखकांची पुस्तकं हवीत. ह्यूस्टन विद्यापीठातलं आर्ते पुब्लिको प्रेस आपल्या पिन्याता बुक्समधून हे काम करतं. पण असे प्रकाशक मोजकेच.

माझी कॉलेजची एक मैत्रीण डॅलसला असते. तिची लेक शाळेत अर्धा दिवस स्पॅनिश आणि अर्धा दिवस इंग्लिशमधून शिकते. घरी अर्थात मराठी. पोरगी स्पॅनिशमध्ये दहापर्यंत आकडे म्हणते आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याचे आजी-आजोबा टाळ्या वाजवतात. मैत्रीण परवा म्हणाली, ‘अगं, माझ्या मुलीला स्पॅनिश आलं तर सगळे तिला स्मार्ट म्हणतात. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला ते जन्मापासून येतं, तर सगळे विचारतात, हिचं इंग्लिश कधी सुधारणार?’ भाषा तीच, बाकही तोच. मी यावर काय बोलणार?

नोव्हेंबर २०१६मध्ये कॅलिफोर्नियाने आपलाच निर्णय फिरवला. ‘प्रपोझिशन ५८’ सुमारे ७३ टक्के मतांनी पास झालं आणि शाळांना दोन भाषांचे वर्ग सुरू करायची वाट पुन्हा मोकळी झाली. मस्तच! पण मत एका दिवसात देता येतं, कपाट एका दिवसात भरत नाही. अठरा वर्षांत एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली. पुस्तकं कोणीतरी लिहावी लागतात, छापावी लागतात आणि मुख्य म्हणजे कोणीतरी मागावी लागतात.

तेव्हा हा कॉलम तिकडच्या आपल्या मंडळींना फॉरवर्ड करा. चुलतभाऊ, रूममेट, एक्स-कलीग, कोणीतरी असेलच. त्यांच्या मुलांच्या शाळेत बुक फेअर होतं, टीचर वर्गासाठी पुस्तकांची विशलिस्ट पाठवतात. त्यांना सांगा, या वेळी एक स्पॅनिश-इंग्लिश पुस्तक घ्या. स्वतःच्या मुलाला वाचून झालं की वर्गाला देऊन टाका. ३० एप्रिलला तिकडे ‘दिया’ म्हणजे मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस साजरा करतात. पॅट मोरा या लेखिकेने १९९६ साली तो सुरू केला. मुहूर्तच हवा असेल तर तोही आहे!